आबावाले, खांबेटेवाले आणि एक सरडा

परग्रहावर चहा किती वाजता पोहोचायला हवा, हे ठरवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. लोकांना हे सांगितलं की ते आधी हसतात आणि मग विचारतात, म्हणजे तुम्ही नेमकं करायचात काय? या अंकाच्या संपादकांनीही तेच विचारलं. चार ओळींत उत्तर देता आलं नाही, म्हणून एवढी पानं.

मी टीव्हीवरच्या एका मालिकेचा प्रॉडक्शन मॅनेजर होतो. लग्नघरात एक काका असतो, तो कुठल्याच फोटोत नसतो, पण तो नसला तर वरात निघत नाही. शूटिंगमध्ये तो काका म्हणजे प्रॉडक्शनवाला. कलाकारांना गाडी, गाडीला डिझेल, जनरेटरला माणूस आणि त्या माणसाला वेळेवर जेवण, हे सगळं त्याच्याकडं. शिवाय दिग्दर्शकाला सकाळी उठून अचानक नदी हवी झाली, तर ती मिळणार नाही हे त्याला न दुखवता सांगायचं कामही त्याचंच.

मालिकेचं नाव होतं 'ध्रुवापलीकडे'. एक अंतराळयान, त्यात दहाबारा माणसं आणि दर आठवड्याला नवा ग्रह. यानाची कॅप्टन अरुंधती. ती बंदूक काढत नसे, बोलून बोलून समोरच्याला वळवायची. सुमेधाताई ती भूमिका करायच्या आणि त्यांचा आवाज असा होता की सेटवर आमचे लाइटवालेसुद्धा वायर गुंडाळायचं थांबवून ऐकत राहायचे.

मालिका सुरू केली ती आबांनी. त्यांना सगळं क्षेत्र आबाच म्हणायचं. प्रत्येक भाग लिहिण्याआधी ते कुणातरी शास्त्रज्ञाच्या घरी जाऊन बसत. मालिका ऐन भरात असताना आबा गेले. वाहिनी ती बंद करायच्या बेतात होती. तेव्हा प्रभाकर खांबेटे निर्माते म्हणून आले आणि नंतर जवळजवळ तपभर मालिका त्यांनीच चालवली. निर्माता म्हणजे पैसा ओतणारा माणूस, असा बाहेर समज आहे. आमच्याकडं निर्माता म्हणजे वाहिनी आणि मालिका यांच्या मधोमध उभा राहून दोन्हीकडची बोलणी खाणारा माणूस. खांबेटे साहेब ती शांतपणे खायचे. त्यांना चेहराही असा मिळाला होता की एकदा बघितला तरी लक्षात राहू नये.

आल्या आल्या त्यांनी मला विचारलं की झाडं नाहीत, माणसं नाहीत आणि सगळीकडं दगड आहेत, अशी जागा कुठं मिळेल? मी छाती फुगवून म्हणालो, साहेब, आमचा बीड जिल्हा आहे ना. हे मी अभिमानानं सांगितलं होतं. गावाकडं कळलं तेव्हा त्यात अभिमानासारखं काय होतं, ते मला कुणालाच समजावता आलं नाही.

पण जागा साहेबांना आवडली. मांजरसुंब्याच्या आसपासच्या टेकड्या उन्हाळ्यात लालभडक दिसायच्या, पावसाळ्यानंतर हिरव्या. तेव्हा तिथं पवनचक्क्या आल्या नव्हत्या. एकाच टेकडीवर आम्ही कितीतरी ग्रह उरकले. कॅमेरा फिरवला की दुसरी आकाशगंगा. फक्त हमरस्त्याकडं कॅमेरा जाऊ द्यायचा नाही, कारण तिथून उसाचे ट्रक जायचे.

तिथंच माझं अभिनयातलं पदार्पण झालं. एका भागात सरड्यासारख्या प्राण्यांचा राजा होता. त्या कामासाठी आलेल्या नटानं तो रबरी पोशाख बघितला, मे महिन्याचं ऊन बघितलं आणि एसटी धरून परत गेला. दिवस वाया जाऊ नये म्हणून मी तो पोशाख चढवला. राजाला तीन वाक्यं होती. ती मी घाम गाळत, जीव ओतून म्हटली. पुढं स्टुडिओत ती दुसऱ्याच्याच आवाजात भरली गेली. सिंहासनावरून उठताना शेपटी सिंहासनालाच अडकून राहिली. दुसरा पोशाख नव्हता, म्हणून तो प्रसंग तसाच गेला. माझ्या बायकोनं तो भाग बघितला आणि म्हणाली की चालण्यावरून लगेच ओळखलं.

दुसरा प्रसंग किसनबांचा. आम्ही एका निर्जन ग्रहावर यान उतरवत होतो आणि चौकटीत मेंढरं शिरली. मागून किसनबा. त्यांची वाट वाडवडिलांपासून त्याच टेकडीवरून जायची. मी हात जोडले, चहा देतो म्हणालो, थोडा वेळ थांबा म्हणालो. ते म्हणाले, "मेंढरं थांबत न्हाईत. तुमचं इमान थांबवा." मी रडकुंडीला आलो. खांबेटे साहेब मात्र बघत उभे राहिले आणि कॅमेरामनला म्हणाले की चालू ठेवा. त्या संध्याकाळी बसून त्यांनी अख्खा भाग नव्यानं लिहून घेतला. ग्रह निर्जन उरला नाही. खांद्यावर घोंगडी टाकून चालत जाणारा एक म्हातारा त्या ग्रहाचा शेवटचा ज्ञानी झाला. तो भाग दाखवला त्या दिवशी किसनबांच्या वस्तीवर लाईट नव्हती, म्हणून त्या ज्ञानी माणसानं स्वतःला कधी बघितलंच नाही.

आणि मग तो भाग आला, ज्यावरून आजही लोक एकमेकांशी बोलायचे थांबतात. त्यात कॅप्टन अरुंधती मरते. शत्रू नाही, युद्ध नाही. दरड कोसळते आणि ती जाते. थर्माकोलचे ते दगड मीच टेम्पोतून आणले होते. बोलण्यावर जगलेली बाई शेवटी एक शब्दही न बोलता जाते. आपल्या हाताखालच्या पोरीच्या खांद्यावर हात ठेवते आणि डोळे मिटते. दुसऱ्या दिवसापासून वाहिनीकडं तक्रारींचा पाऊस पडला. खांबेटे साहेबांनी कुठंच खुलासा केला नाही. मालिका पुढं काही वर्षं चालली, पण लोकांनी ती गोष्ट मनात धरून ठेवली.

खरं कारण युनिटमध्ये तिघांनाच माहीत होतं: सुमेधाताईंना, साहेबांना आणि दवाखान्याची गाडी मीच लावत असल्यामुळं मला. ते सांगणं ताईंच्या हातात होतं, आमच्या नाही.

निवृत्त होऊन मी युसूफ वडगावला परत आलो. माझं काम कुणाला आठवत असेल अशी मला आशा नव्हती. खरं सांगायचं तर होती, पण कुणी विचारत नव्हतं. मग एक दिवस चकलांब्याहून मुक्ता नावाच्या बाईंचा फोन आला. तिथं त्यांचं औषधाचं दुकान आहे. त्यांनी लहानपणी मालिका बघितली होती आणि आता तिचे जुने भाग कुणीतरी इंटरनेटवर टाकल्यापासून पुन्हा बघत होत्या. शेवटी पळणारी नावं थांबवून थांबवून त्यांनी मला शोधलं होतं. "तांदळे काका, तुम्हीच ना प्रॉडक्शनवाले?" एवढं ऐकून मी जो फुललो, तो संध्याकाळपर्यंत उतरलो नाही.

त्यांनी मला चाहत्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घेतलं. माझी समजूत अशी की तिथं लोक प्रेमानं आठवणी काढत असतील. तिथं ग्रामपंचायतीच्या निवडणुकीसारखी दोन पॅनल होती, आबावाले आणि खांबेटेवाले. आबावाल्यांचं म्हणणं, मूळ मालिका विचारांची होती आणि खांबेट्यांनी तिचा तमाशा केला. खांबेटेवाल्यांचं म्हणणं, खांबेटे नसते तर मालिका आबांबरोबरच संपली असती आणि तुम्ही भांडायला तरी कशावरून आला असता? मुक्ताताई खांबेटेवाल्यांच्या पुढारी. आबावाल्यांचा म्होरक्या अंबाजोगाईचा वैभव, पॉलिटेक्निकमध्ये शिकवतो. त्याचे संदेश इतके लांब असत की ते वाचायला मला चष्मा आणि निवांत दुपार, दोन्ही लागायचं. मेंढरांच्या भागावर तर दोन्ही बाजूंनी निबंध होते. मेंढरं म्हणजे पृथ्वीची हरवलेली स्मृती, असं मुक्ताताईंनी लिहिलं होतं. मी न राहवून खुलासा केला की किसनबा हटायला तयार नव्हते. त्यावर वैभवनं लिहिलं की बघा, खांबेट्यांकडं योजना अशी नव्हतीच. मुक्ताताईंनी लिहिलं की बघा, आलेल्या संकटाचं सोनं करणं म्हणजेच योजना. मी फोन ठेवून जेवायला गेलो.

मग ठरलं की सगळ्यांनी एकदा प्रत्यक्ष भेटायचं, आणि तेही मांजरसुंब्याला, त्या ग्रहांच्या पायथ्याशी. एका ढाब्याचं मागचं अंगण घेतलं. विषय ठरला: खांबेट्यांनी मालिका वाचवली की बुडवली? प्रमुख पाहुणा मी. किसनबांचाही सत्कार करायचा होता. मी भाषण लिहायला घेतलं, ते संपेचना. बायको म्हणाली की एवढं तर कॅप्टनलाही मालिकाभर बोलायला मिळालं नसेल.

आदल्या आठवड्यात मी सहज खांबेटे साहेबांना पुण्याला फोन करून हे सांगितलं. ते थकले होते, डोळ्यांना कमी दिसत होतं. ऐकून म्हणाले, "मी येतो. पण माझं नाव सांगायचं नाही. मला फक्त ऐकायचंय." मी खूप समजावलं की लोक कडक बोलतील. ते म्हणाले की आजवर वाहिनीवाल्यांचं ऐकलं, कलाकारांचं ऐकलं, बघणाऱ्याचं तोंडावर कधी ऐकलं नाही.

मी त्यांना बीडहून गाडीतून घेऊन गेलो. ढाब्यापुढं फ्लेक्स लावला होता. त्यावर सगळ्यात मोठा फोटो ढाब्याच्या मालकाचा, त्याखाली त्याच्या भावाचा, मग अरुंधतीचा, आणि कोपऱ्यात पासपोर्टएवढा माझा. साहेबांची ओळख मी माझे पुण्याचे पाहुणे अशी करून दिली. कुणी वळूनही बघितलं नाही.

सुरुवातीला सत्कार झाला. शाल आली, नारळ आला आणि एक चकचकीत स्मृतिचिन्ह आलं. मी डोळे पुसायच्या तयारीत होतो. वैभवनं माइकवर वाचून दाखवलं की सदस्यांच्या बहुमतानं मालिकेतला सर्वांत वाईट परग्रहवासी म्हणून सरड्यांच्या राजाची निवड झाली आहे आणि आनंदाची बाब अशी की तो राजा आज आपल्यात आहे. शेपटी सुटण्याचा प्रसंग दोन्ही पॅनलनं एकमतानं निवडला होता. त्या दिवशी एकमत झालेली ती एकच गोष्ट. सगळे इतक्या प्रेमानं टाळ्या वाजवत होते की मला नीट रागवताही येईना. भाषणाचे कागद मी खिशातच ठेवले. कुणी मागितलेही नाहीत.

मग वाद सुरू झाला. मुक्ताताई चांगल्या बोलल्या. म्हणाल्या, चकलांब्यात घरात एकच टीव्ही होता आणि त्यावर हुकूम चालवणारी पहिली बाई मी बघितली ती अरुंधती. ती मला दिसली खांबेट्यांच्या काळात, आबांच्या काळात आमच्याकडं टीव्हीच नव्हता. साहेब मान खाली घालून ऐकत होते.

मग वैभव उठला. तो आरडाओरडा करणारा नव्हता, त्यामुळं ते जास्त लागलं. तो म्हणाला की स्वस्त ग्रह चालतील, मेंढरं चालतील, सरडाही चालेल. सगळे हसले. मग तो म्हणाला, "पण जी बाई तपभर बोलून जग वाचवत होती, तिला मरताना एक वाक्य दिलं नाही. माझी आई त्याच वर्षी गेली. ती पण न बोलता गेली. मला वाटलं होतं, टीव्हीत तरी कुणीतरी नीट निरोप घेईल. ज्यानं हे लिहून घेतलं, त्याला त्या बाईची किंमत नव्हती."

माझ्या जिवाचा संताप झाला. मी उठायला लागलो. तेवढ्यात टेबलाखाली साहेबांनी माझं मनगट धरलं. म्हाताऱ्या माणसाच्या हातात एवढी ताकद असेल असं वाटलं नव्हतं. मी खाली बसलो. बसताना स्मृतिचिन्ह पडलं, ते उचलायच्या निमित्तानं तोंड लपवता आलं.

तेवढ्यात किसनबा आले. त्यांना यायला उशीर झाला होता. मुक्ताताई हार घेऊन पुढं झाल्या, पण किसनबा त्यांना ओलांडून सरळ आमच्या टेबलाशी आले, साहेबांकडं निरखून बघितलं आणि खुर्ची ओढून बसत म्हणाले, "सायेब, लई वाळलाव की तुमी. कवा आलाव?"

मुक्ताताईंनी विचारलं की बाबा, हे कोण? किसनबांना या प्रश्नाचंच नवल वाटलं. ते म्हणाले, "आरं, ह्येच की तुमचे खांबेटे सायेब. यांनीच आमच्या मेंढरांना वाट दिली हुती."

वैभव माइक हातात धरून तसाच उभा. चेहरा उतरलेला. मला वाटलं, आता तो माफी मागणार किंवा निघून जाणार. त्यानं यातलं काहीच केलं नाही. माइक खाली ठेवला, आमच्या टेबलाशी आला आणि साध्या आवाजात विचारलं, "सर, तिला बोलू का दिलं नाही?"

साहेबांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. ते म्हणाले, "मला त्या वेळी तसंच बरोबर वाटलं. निर्णय माझा होता, दुसऱ्या कुणाचा नाही. तुम्हाला आवडला नाही, ते तुम्ही नीट सांगितलंत."

वैभव समोर बसला. मग दोघांचं जे सुरू झालं, ते शेवभाजी आणि भाकरी येऊन गार झाली तरी थांबेना. वैभव एकेक भाग काढत होता, साहेब उत्तर देत होते, कधी कबूल करत होते, कधी अडून बसत होते. मुक्ताताई मध्येच साहेबांची बाजू घ्यायच्या आणि साहेबच त्यांना म्हणायचे की नाही हो, तो भाग वाईटच होता. मतदान करायचं राहूनच गेलं. मी आणि किसनबा शेजारी बसून जेवलो. किसनबांनी स्मृतिचिन्ह हातात घेऊन उलटंसुलटं बघितलं आणि हे कावून दिलं म्हणून विचारलं. मी म्हणालो, अभिनयासाठी.

परतीच्या वाटेवर मी साहेबांवर चिडलो होतो. म्हणालो की एका वाक्यात तुम्ही सुटला असता. त्यांनी गाडीची काच वर केली. मग म्हणाले, "विष्णू, मालिका बंद होऊन एवढी वर्षं झाली आणि तो पोरगा अजून रागावलाय. आपलं काम एवढं टिकेल असं मला वाटलं नव्हतं." आणि डोळे मिटून झोपले. सुखानं झोपले, असं मला वाटलं.

त्या भेटीचं चित्रण कुणीतरी ग्रुपवर टाकलं, तिथून ते फिरत फिरत सुमेधाताईंपर्यंत गेलं. त्या आता नाशिकला असतात. त्यांचा मला फोन आला. आवाज घोगरा, थांबत थांबत येणारा, पण आवाज होता. साहेब त्या मुलाला काय म्हणाले ते ऐकलं, असं त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या की आता मी सांगते, तुम्ही सांगू नका.

त्यांनी ग्रुपला एक ध्वनिमुद्रित निरोप पाठवला. त्या वर्षी त्यांच्या घशात गाठ निघाली होती. शस्त्रक्रिया ठरली होती, आवाज आधीच गेला होता. बाहेर कळलं तर पुढं कुणी काम देणार नाही, म्हणून त्यांनी साहेबांकडून कुणाला न सांगण्याचं वचन घेतलं होतं. आवाज बसलाय एवढंच वाहिनीला सांगितलं होतं, त्यावर दुसऱ्या कुणाच्या आवाजात अरुंधतीनं शेवटचं बोलावं, असं वाहिनीचं म्हणणं होतं. साहेबांनी ते नाकारलं. अरुंधती दुसऱ्याच्या आवाजात बोलणार नाही, त्यापेक्षा गप्प जाईल, असं ते म्हणाले होते. हे शेवटचं मलाही माहीत नव्हतं. सरड्याचा आवाज मात्र त्यांनी बिनदिक्कत बदलला होता, हे मी इथं नोंदवून ठेवतो.

मला वाटलं, वाद मिटला. दिवसभर ग्रुपवर कुणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी आबावाल्यांपैकी एकानं लिहिलं की खासगी कारणासाठी कथेचा बळी देणं योग्य का? आणि मुक्ताताईंनी त्याला असं उत्तर दिलं की ग्रुप पुन्हा पहिल्यासारखा भरून वाहू लागला.

वैभवचा लेख आठवड्यानं आला. मी साहेबांना फोन केला. आधी ते माझ्यावर उखडले, त्यांना वाटलं मीच फोडलं. ताईंचा निरोप ऐकवल्यावर निवळले. मग म्हणाले की डोळ्यांनी वाचवत नाही, त्या मुलानं काय लिहिलंय ते तू वाचून दाखव.

मी वाचत गेलो. वैभवनं लिहिलं होतं की त्यानं तो भाग पुन्हा बघितला. अरुंधती त्या पोरीच्या खांद्यावर हात ठेवते तेव्हा तिचे ओठ किंचित हलतात आणि मिटतात. तो अभिनय नव्हता, हे त्याला आता कळलं. भाग त्याला अजूनही पुरता पटत नव्हता. पण आपल्या आईचे ओठही तसेच हलले होते, हे इतक्या वर्षांनी त्याला आठवलं. आणि सगळ्यात शेवटी त्यानं लिहिलं होतं, 'खांबेटे सर, मला माफ करा.'

लाइन कट झाली की काय म्हणून मी हॅलो हॅलो करत राहिलो. मग त्यांचा जुना, एडिटिंगच्या खोलीतला आवाज आला.

"त्याला सांग, चांगलं लिहिलंय. फक्त शेवटचं वाक्य काढून टाक म्हणावं. लेख त्याच्या आधीच संपलाय."

मी निरोप कळवला. वैभवनं ते वाक्य काढून टाकलं.